जमीन ट्रस्टची, मग घर कुणाचं?

जमीन लोकांच्या ट्रस्टकडे कायम ठेवायची आणि तिच्यावरची घरं कमी किमतीत कुटुंबांना विकायची, अशी एक पद्धत आहे (कम्युनिटी लँड ट्रस्ट). अशा घरांबद्दल एक संदेश बराच फिरतो आहे: ‘हे नाव बदललेलं भाडंच. जमीन ट्रस्टची, म्हणून बँक दारात उभी करत नाही. विकताना नफा नाही, मुलांना काही उरत नाही. आणि ट्रस्ट बुडला की तुम्ही रस्त्यावर.’ यातला शेवटचा मुद्दा गंभीर आहे. बाकीचे मुद्दे पट्टा, म्हणजे जमिनीचा दीर्घ मुदतीचा करार, न वाचता लिहिलेले दिसतात.

आधी ‘भाडं’ बघू. इथे दोन कागद होतात. इमारतीचं खरेदीखत घेणाऱ्याच्या नावावर होतं आणि खालच्या जमिनीचा पट्टा होतो. तो बहुधा ९९ वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाची सोय त्यातच असते. जमिनीपोटी दरमहा छोटी रक्कम भरायची. घर तारण ठेवता येतं, दुरुस्तीचा खर्च आपला, आणि पट्टा वारसांकडे जातो. तेव्हा मुलांचा मुद्दाही इथेच निकाली निघतो. फक्त एक बघून घ्यावं: वारसाने स्वतः त्या घरात राहायचं आहे का, त्याला उत्पन्नाची मर्यादा लागू होते का. काही पट्ट्यांत हे कलम मोघम असतं आणि पुढे वाद तिथेच होतो.

बँकेची अडचण खरी आहे, पण ती जमिनीच्या मालकीची नाही. घर पुन्हा विकताना पट्ट्यातल्या सूत्रापेक्षा जास्त किंमत घेता येत नाही; हप्ते थकले तर हे बंधन बँकेलाही आड येईल, ही तिची धास्ती असते. म्हणून पट्ट्याला पुरवणी करार जोडतात. थकबाकी झाल्यास बँकेने ट्रस्टला कळवायचं आणि ती भरायला मुदत द्यायची. तरीही निभावलं नाही तर जप्तीनंतर ते बंधन सुटतं. हा कागद तयार नसेल तर कर्ज अडतं, आणि नव्या ट्रस्टांचं घोडं बहुतेक इथेच पेंड खातं. हा कागद नीट असला की काय होतं ते अमेरिकेत घरबाजार कोसळला तेव्हा दिसलं. २०१० च्या अखेरीस तिथल्या अशा ट्रस्टांच्या पाहणीत जप्तीच्या प्रक्रियेत असलेली कर्जं ०.४६ टक्के होती, खुल्या बाजारात ४.६३ टक्के. घराची किंमत मुळात कमी, झेपेल एवढंच कर्ज, आणि हप्ता चुकताच ट्रस्टकडून विचारणा, ही त्यामागची कारणं.

आता नफ्याचा हिशेब. घराचा बाजारभाव १०० धरा. जमिनीचा भार ट्रस्टने उचलला, म्हणून ते ६५ ला मिळालं. पदरचे ४ घातले, कर्ज ६१. दहा वर्षांनी बाजारभाव १४० झाला. वाढीचा चौथा हिस्सा विकणाऱ्याला, असं सूत्र असेल तर ४० मधले १० त्याचे आणि फेरविक्रीची किंमत ७५. कर्ज तोवर ४८ उरलं असेल तर हातात २७ पडतात: स्वतःचे ४, फेडलेलं मुद्दल १३, वाढीतले १०. भाड्याने राहणाऱ्याच्या हाती यातलं काहीच येत नाही. पुढच्या कुटुंबाला १४० चं घर ७५ ला मिळतं, तेही ट्रस्टने नव्याने पैसा न घालता. खुल्या बाजारातल्या मालकाला पूर्ण ४० मिळाले असते, हे कबूल. पण त्याला आधी १०० उभे करावे लागले असते, आणि तेच तर जमत नव्हतं.

सूत्रात खोट राहू शकते. पगार बाजाराइतके वाढले नाहीत तर ७५ सुद्धा डोईजड होतात; म्हणून लंडनच्या सेंट क्लेमेंट्स प्रकल्पात किंमत त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाशी बांधली आहे. दुसरी खोट अशी की वाढीव खोलीचे पैसे विकताना धरले जाणार नसतील तर कोणी खोली बांधत नाही, आणि छत गळत असेल तर तेही पुढच्यावर ढकललं जातं. कोणत्या सुधारणा धरायच्या याची यादी आणि दरमहाच्या रकमेतून दुरुस्तीनिधी, या दोन्ही गोष्टी पट्ट्यातच लिहाव्यात.

राहिला ट्रस्ट बुडण्याचा मुद्दा. या पद्धतीची सुरुवात मानली जाणारी ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था १९६९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात उभी राहिली. तिच्यामागे ज्या कल्पना होत्या त्यांत विनोबांचं ग्रामदानही होतं. जवळपास ६,००० एकर जमीन तिने कर्जावर घेतली होती. दुष्काळात सरकारी कर्ज वेळेवर मिळालं नाही आणि १९८५ मध्ये जमीन हातची गेली. म्हणून ट्रस्टच्या घटनेत तीन गोष्टी शोधा. रहिवाशांच्या संमतीशिवाय जमीन विकायची वा तारण ठेवायची नाही. ट्रस्ट विसर्जित झाला तर जमीन तशाच दुसऱ्या संस्थेकडे जाईल, आणि पट्टे जसेच्या तसे चालू राहतील. मंडळावर एक तृतीयांश जागा पट्टेधारकांच्या असतील. यातलं तारणाचं कलमच नसेल, तर त्या ट्रस्टपुरता संदेशातला शेवटचा मुद्दा खरा आहे.