खाडीच्या मध्यावर म्हणतो यू-टर्न घ्या

३२ हजार रुपये दिलेत मी सायकलला लावायच्या ह्या नकाशावाल्या डबीचे. आठ महिने पगारातून बाजूला काढून. आणि आज कंपनीकडून तिसरं उत्तर आलं, तेही परत फॅक्टरी रिसेट करून बघा. म्हणून आता इथे लिहितोच, कारण घरात कोणाला सांगून उपयोग नाही, सगळे एकच म्हणतात की मोबाईल असताना हे घेतलंस कशाला.

कशाला घेतलं ते सांगतो. मोबाईल हँडलला लावला की आपल्या रस्त्यांच्या हादऱ्यांनी त्याच्या कॅमेऱ्याची वाट लागते, उन्हात स्क्रीन दिसत नाही, दुपारपर्यंत बॅटरी संपते, आणि खाडीकाठच्या गावांत रेंज कधी असते कधी नसते. ह्या सायकल कॉम्प्युटरमध्ये नकाशा आतच असतो, नेट लागत नाही, रूटची फाईल टाकायची आणि जांभळ्या रेघेवरून जायचं. एवढंच काम आहे त्याचं. एवढंच!

गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परत गेले, रस्ते जरा मोकळे झाले म्हणून मी आणि माझा मावसभाऊ रत्नागिरीहून गुहागरला सायकलने गेलो. जाताना राई-भातगाव पुलावरून, दुसऱ्या दिवशी येताना समुद्राच्या बाजूने यायचं ठरलेलं. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तिथून फेरीबोटीने जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे आणि घर. रूट मी आदल्या रात्री बसून एकेक वळण बघून आखलेला.

वेळणेश्वर सोडलं आणि सर आली. वादळ नाही काही नाही, आपली नेहमीची सर. थेंब पडले की ह्या स्क्रीनला वाटतं कोणीतरी बोट लावतंय. नकाशा गेला, स्पीडचं पान आलं, मग हार्टरेटचं, मग सेटिंग उघडलं, मग राईड सेव्ह करू का म्हणून विचारायला लागलं. मी एका हाताने ब्रेक धरलाय, दुसऱ्या हाताने पुसतोय, माझ्या ओल्या बोटाला दाद देत नाही पण पावसाच्या थेंबाला लगेच देतंय. स्क्रीन लॉक करायची सोय आहे, मान्य, पण लॉक काढायला परत त्याच ओल्या स्क्रीनला हात लावायचा ना? बाजूला दोन बटणं जास्तीची दिली असती तर काय झालं असतं? बॉक्सवर मोठ्या अक्षरात आयपीएक्स-७ छापलंय. त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं ठेवलं तरी आत पाणी जाणार नाही, बास. पावसात ते वापरता येईल असं त्यात कुठेही नाही, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. कोकणात वर्षाचे चार महिने पाऊस असतो हो, आम्ही काय चार महिने सायकल माळ्यावर टाकायची?

तर नकाशाचं पान गेलं आणि त्या नादात वळण चुकलं. तिथून खरा त्रास सुरू झाला. चुकलं तर चुकलं, मागे जा असं सांगायचं, पण नाही, ह्याने माझा रूट टाकून दिला आणि स्वतःचा नवीन काढला. छोटा सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूला गडगे, वर आंब्या-फणसाची झाडं, उतार. भाऊ पुढे होता. एका वळणानंतर सिमेंट संपलं आणि पाखाडी सुरू झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाखाडी म्हणजे वाडीतून खाली उतरायची जांभ्या दगडाची पायवाट, बऱ्याच ठिकाणी पायऱ्या पायऱ्यांची. पावसाळाभर त्या दगडावर शेवाळ असतं, अनवाणी माणूस सुद्धा जपून पाय टाकतो. रोड बाईकचे २८ एमएमचे टायर तिथे काय धरणार? भावाने ब्रेक दाबले आणि सायकल खालून निघूनच गेली. गुडघा फुटला, मागचा गिअर ज्यावर बसतो तो हँगर वाकला, मागचे गिअर बंद. आवाज ऐकून वरच्या घरातून एक आजी धावत आल्या, पाणी दिलं, हळद आणली, आणि म्हणाल्या, "अरं बाला, ही पाखाडी हाय, हितनं सायकल कशी जायाची? कोणी धाडलंन तुमाला हिकडं?" काय सांगणार त्यांना? आम्ही दोघं सायकली खांद्यावर घेऊन वर चढत होतो आणि तेव्हा सुद्धा हे यंत्र टुंग टुंग वाजवून सांगत होतं की तुम्ही चुकीच्या दिशेने चाललाय.

सेटिंगमध्ये रोड बाईक निवडलेलं आहे. कच्चे रस्ते टाळा, निवडलेलं आहे. घरी येऊन नकाशा उघडून बघितला तेव्हा कारण कळलं. आतला नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा आहे, २००४ पासून जगभरातली माणसं फुकट आपला वेळ घालून तो काढतायत, त्यांच्यावर माझा राग अजिबात नाही. कोणीतरी ती पाखाडी साधा रस्ता म्हणून रेघ मारून ठेवलेली, बहुतेक सॅटेलाईट फोटो बघून, आणि वरून झाडीत पायऱ्या दिसणार कशा. पण तो फुकटचा नकाशा उचलून ३२ हजाराच्या डबीत भरून विकणाऱ्यांनी काय केलं? समोर दोनशे मीटरवर डांबरी रस्ता असताना, ज्या रेघेवर डांबर आहे का माती आहे याची काहीच नोंद नाही तिच्यावरून सायकल का पाठवायची? जिथे माहिती नाही तिथे संशय घ्यावा एवढी अक्कल घालता येत नाही?

पुढे तवसाळला पोचलो, फेरीबोटीत चढलो. शास्त्री नदीच्या खाडीत, चारी बाजूला पाणी, आणि हा वाजायला लागला, यू-टर्न घ्या. त्याच्या नवीन रूटप्रमाणे आम्ही तवसाळहून मागे फिरून राई-भातगाव पुलावरून वळसा घालून जयगडला जायचं होतं! फेरी चालेल असं सेटिंग होतं, मी तपासलंय. भाऊ गुडघ्याला रुमाल बांधून बसलाय आणि हे थांबेचना, शेवटी बंदच करणार होतो पण मग राईडची फाईल तुटली असती. वर बोटीचं सगळं अंतर सायकल चालवली म्हणून मोजलं, कारण मोजणं आपोआप थांबवणारा ऑटो-पॉज फक्त जागेवर थांबलं की लागतो, आणि बोट हलतेय ना.

त्याच बोटीत उंची दाखवत होता उणे १९ मीटर. म्हणजे आम्ही पाण्याखाली. ही उंची हवेच्या दाबावरून काढतात, १ हेक्टोपास्कल (हे दाबाचं माप) फरक म्हणजे ८ मीटरच्या आसपास. आता आपल्या भागात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, दोन्हीत तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक सहज पडतो, पाऊस असो नसो. म्हणजे अंगणात खुर्चीत बसून राहिलात तरी हा तुम्हाला २५-३० मीटर चढवणार. ही काही नवीन माहिती नाही, उष्ण कटिबंधात सगळीकडे हेच होतं. मग जीपीएस चालू असताना, नकाशात समुद्र स्पष्ट दिसत असताना, दुरुस्ती का करत नाही? वर दाब मोजणाऱ्या सेन्सरचं बारीक भोक पावसाने नाहीतर घामाने बुजलं की उंची मोजणंही बंद. जयगडहून वर सड्यावर, म्हणजे पठारावर चढताना मी उभा राहून पेडल मारतोय, श्वास पुरत नाहीये, आणि हा दाखवतोय चढ शून्य टक्के. किती चढ उरलाय हे कळलं असतं तर एका गिअरवर रडत चढणाऱ्या भावाला सांगता तरी आलं असतं.

रत्नागिरीत संध्याकाळी त्याच्या गुडघ्याला तीन टाके घातले. मावशी अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

चार्जिंगच्या तोंडाला खाऱ्या हवेने हिरवं चढायला लागलंय ते वेगळंच, त्यावर लिहायला बसलो तर रात्र होईल.

कंपनीला मी सगळं लिहून पाठवलं. फोटो, राईडची फाईल, पाखाडीची जागा. पहिलं उत्तर, सॉफ्टवेअर अपडेट करा. केलं. दुसरं, फॅक्टरी रिसेट करा. केलं, सगळी सेटिंग परत भरली. तिसरं, परत फॅक्टरी रिसेट करा. कोणीतरी वाचतंय का तिकडे?

नकाशा मी स्वतःच दुरुस्त केला. खातं उघडलं, त्या रेघेला पायऱ्या म्हणून टॅग लावला, पाच मिनिटांचं काम, लगेच ऑनलाईन दिसायला पण लागलं. पण डबीत येणारा नकाशा कंपनी पाठवेल तेव्हा येणार, आत्ता आहे तो गेल्या वर्षीचा. काल रात्री घरात बसून परत वेळणेश्वर ते हेदवी लावून बघितलं. अजूनही त्या आजींच्या घराखालूनच नेतोय.