आधी जगा, मग लिहा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

'जुना प्रेक्षक' यांस, सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण वरवरची नाही. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे सविस्तर.

ज्यांनी मागचा लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाटक लिहू पाहणाऱ्या शाळा-कॉलेजातल्या मुलांना मी सुचवलं होतं की तीन अंकांचं नाटक डोक्यात घेऊन बसू नका. दोन पात्रं, एक जागा, दहा मिनिटांचा एक प्रवेश लिहा आणि शाई वाळायच्या आत मित्रांकडून मोठ्याने वाचून घ्या. त्यावर तुम्ही लिहिलंत की नाटक शिकवून येत नाही, विजय तेंडुलकर कुठल्या वर्गात गेले होते? सोळाव्या वर्षी पदरी अनुभव तो काय असणार? दहा वर्षं वाचावं, जगावं, मग लेखणी उचलावी. शिवाय अशाने दहा मिनिटांचे चुटके लिहिणारी पिढी तयार होईल. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत की तुमच्या नातीने माझा लेख वाचून तसं केलं, मैत्रिणी वाचताना हसत सुटल्या आणि तिने वही मिटली ती मिटलीच. तुमच्या रागाचं मूळ इथे आहे असं मला वाटतं, म्हणून त्याबद्दल जास्त लिहितो. बाकीचं आधी उरकतो.

तेंडुलकर वर्गात गेले नाहीत हे खरं. पण अकराव्या वर्षी त्यांनी स्वतः नाटक लिहिलं, बसवलं आणि त्यात कामही केलं. तरुणपणी लिहिलेलं 'गृहस्थ' चाललं नाही, तेव्हा पुन्हा नाटक लिहायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तो निश्चय मोडून १९५६ साली 'श्रीमंत' आलं. पुढे 'रंगायन' ही प्रायोगिक नाट्यसंस्था होती, दिग्दर्शिका विजया मेहता होत्या, अरविंद आणि सुलभा देशपांडे हे रंगकर्मी होते. 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. मधल्या सगळ्या काळात हा माणूस नाटक करणाऱ्यांच्या संगतीत होता. वर्ग नव्हता, तालमीची खोली होती. मी मुलांना सांगतो ती त्याच खोलीची घरगुती आवृत्ती. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देतं.

आता अनुभव. जर्मन नाटककार गेऑर्ग ब्युशनरने फ्रेंच राज्यक्रांतीवरचं 'दांतोंचा मृत्यू' १८३५ साली, एकविसाव्या वर्षी, सुमारे पाच आठवड्यांत लिहिलं. क्रांती त्याच्या जन्माआधीची. त्याने काय केलं, तर इतिहासाचे ग्रंथ उघडले आणि त्यातली भाषणं सरळ पात्रांच्या तोंडी घातली. नाटकाचा बराच मजकूर असा उचललेला आहे. तुम्ही म्हणाल, तो स्वतः चळवळीत होता, पोलीस मागावर होते, तो अपवाद. ठीक. मग इंग्लंडची नाटककार शीला डेलनी घ्या. एकोणिसाव्या वर्षी तिने एक आई आणि तिची मुलगी यांच्यावर 'अ टेस्ट ऑफ हनी' लिहिलं. १९५८ साली दिग्दर्शिका जोन लिटलवुडने ते लंडनमध्ये बसवलं आणि तालमीत त्याच्या संहितेवर पुष्कळ काम झालं. डेलनीकडे तुमच्या हिशेबातला अनुभव नव्हता. कान होता, आणि तो कान कसाला लावणारी माणसं भेटली.

आणि सोळा वर्षांच्या मुलाला अनुभव नसतो हे मला मुळात पटतच नाही. मोठी माणसं बोलता बोलता एकदम गप्प होतात, कारण दारात मूल येऊन उभं राहिलेलं असतं. एका एन्ट्रीने अख्खा प्रवेश कसा फिरतो, हे त्या मुलाला आणखी कुणी शिकवायची गरज आहे का? लाज, खोटं बोलणं, कंपूतून बाहेर पडणं, एकाच घरात दोन आवाजांत बोलणारे आईबाप, हे सगळं त्याच्याजवळ आहे.

नसतो तो नटावरचा विश्वास. म्हणून ते सगळंच लिहून टाकतं. 'ताई, तू माझी सख्खी बहीण असूनही गेली तीन वर्षं माझ्याशी बोलत नाहीस,' असं वाक्य कागदावर अगदी नीट दिसतं. वाचणारीने ते तोंडात घेतलं की तिला आणि लेखिकेला, दोघींनाही कळतं, असं कुणी कुणाला सांगत नाही. ही गोष्ट ताईला माहीत आहेच. लेखिका ती प्रेक्षकांना सांगते आहे, ताईला नाही. दुसऱ्या खर्ड्यात तेच असं होऊ शकतं:

'चावी कुठे ठेवू?'

'ठेव कुठेही.'

आणि तीन वर्षांचा अबोला त्या 'कुठेही'त मावतो. हे नुसत्या वाचनाने उमगत नाही. दहा वर्षं वाचलेल्या माणसाच्या पहिल्या नाटकातही ताईचं ते लांबलचक वाक्य येतंच, फक्त जास्त सफाईदार मराठीत.

वाचनाला माझा विरोध नाही, हे वेगळं सांगायला नको. पण नाटक कादंबरीसारखं रात्री झोपताना दहा-दहा पानं वाचू नये. एका बैठकीत, प्रयोगाला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात, जमल्यास ओठ हलवत वाचावं. एकाच पात्राची सगळी वाक्यं ओळीने उतरवून काढावीत. ते पात्र कधी बोलत नाही, हे तेव्हा दिसतं.

चुटक्यांबद्दल तुमच्याशी वाद नाही. छोट्या लिखाणाला शेवटच्या वाक्यात धक्का द्यायची खोड लागते आणि टाळ्या मिळाल्या की ती जात नाही. यावर मी मुलांना एक उपाय देतो. धक्का पहिल्याच पानावर सांगून टाका. पाहुणा खरा कोण आहे हे प्रेक्षकाला आणि एका पात्राला सुरुवातीलाच कळू द्या, दुसऱ्याला नको. आता उरलेली नऊ मिनिटं भरून दाखवा. ज्याला ती भरता येतात त्याला पुढे दोन अंकही पेलतील.

आता नातीचं हसू झालं ते. एक सांगा, मैत्रिणी नेमक्या कुठे हसल्या? 'सगळीकडेच' हे उत्तर मी धरणार नाही, कारण तसं होत नाही. वाक्य इतकं लांब असतं की दम संपतो आणि हसू येतं. किंवा कुणीतरी '(तिच्या डोळ्यांत अथांग वेदना)' ही रंगसूचना संवादासारखी मोठ्याने वाचते. किंवा खरोखर विनोदी काहीतरी अनवधानाने लिहिलं गेलेलं असतं आणि लेखिकेलाच ते माहीत नसतं. पहिल्या दोन ठिकाणी दुरुस्ती करायची. तिसरं म्हणजे लॉटरी.

आणि अपमान व्हायचाच तर तो चार मैत्रिणींसमोर व्हावा. रशियन नाटककार चेखवच्या 'सीगल'चा पहिला प्रयोग १८९६ मध्ये पीटर्सबर्गला मोजक्या तालमींवर उभा राहिला आणि भर नाट्यगृहात त्याची हुर्यो झाली. दोनच वर्षांनी मॉस्को आर्ट थिएटरने भरपूर तालमी करून तेच नाटक उचललं आणि ते गाजलं.

वाचन घ्यायची एक रीत असते. मागच्या लेखात ती मी एका ओळीत आटोपली होती, इथे जरा सविस्तर. लेखिकेने स्वतः एकही भूमिका वाचायची नाही, कारण आपली वाक्यं आपण सावरून घेतो. रंगसूचना वाचायला वेगळं माणूस हवं. लेखिकेने मागे बसायचं, हातात संहिता आणि पेन्सिल, मान खाली. वाचणारी कुठे अडखळली, कुठे तिने नकळत शब्द बदलला (बहुतेक वेळा तिचाच शब्द बरा असतो), कुठे खुर्च्या करकरल्या, तिथे समासात नुसती फुली. मध्येच 'अगं, ते असं नाही, तसं म्हणायचं होतं' हे अजिबात नाही. म्हणायचं होतं ते कागदावर नसेल तर ते नाहीच. संपल्यावर 'कसं वाटलं?' हा प्रश्न बाद. त्याने दोन्ही बाजूंना खोटं बोलावं लागतं. विचारायचं ते असं, की या दोघींपैकी कुणाला काय हवं होतं? पुढे काय होईल असं कुठे वाटलं आणि ते झालं का? कुठे लक्ष उडालं? उत्तरं लिहून घ्यायची, वाद घालायचा नाही.

तेव्हा तिला वही उघडायला सांगू नका. आजोबांनी सांगितलं की ती मुळीच उघडणार नाही. तो प्रवेश वाचायला मागा. दिला, तर त्यातलं एक पात्र तुम्ही वाचा, दुसरं घरातल्या कुणालाही वाचायला द्या आणि तिला मागे पेन्सिल घेऊन बसवा. इतकी वर्षं तुम्ही नाटकं पाहिली आहेत, एखादं वाक्य तुमच्या तोंडात बसलं नाही तर थांबू नका आणि सुधारूही नका, तसंच अडखळत वाचा. वाचून झाल्यावर मत मात्र तिने विचारल्याशिवाय देऊ नका. हे तुम्हाला जड जाईल, तुमच्या प्रतिक्रियेची लांबी पाहून सांगतो.