'आधी डिफेंडर बंद करा' म्हणे!

एक लांबलचक संदेश सध्या फिरतो आहे. मला तो तीन गटांतून आला. तिसऱ्यांदा पाठवणारा माझा मावसभाऊच निघाला, म्हणून आता उत्तर देणं आलं. संदेश थोडक्यात असा: विंडोजबरोबर येणारा डिफेंडर हा अँटीव्हायरस फुकटचा, म्हणून कुचकामी. चाचण्यांत तो नापास होतो, वर मशीन रखडवतो. फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून होणाऱ्या ये-जावरचा पहारा, राउटरमध्ये असतेच, कॉम्प्युटरवर कशाला हवी? ती बंद केली की नेटही वेगवान होतं. तेव्हा दोन्ही बंद करा आणि विकतचे दोन अँटीव्हायरस टाका, म्हणजे दुप्पट संरक्षण. मॅकवाल्यांनी काहीच करायची गरज नाही. शेवटी अर्थातच 'सर्वांना पाठवा'.

'चाचण्यांत नापास होतो.'

होत होता. ही थाप नाही, शिळी बातमी आहे. २००६ साली विंडोज डिफेंडर आला तेव्हा तो अँटीव्हायरस नव्हताच, फक्त स्पायवेअर, म्हणजे चोरून पाळत ठेवणारे प्रोग्रॅम, हुडकायचा. व्हायरससाठी मायक्रोसॉफ्टनं २००९ मध्ये 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' वेगळं दिलं, आणि २०१२ च्या अखेरीस जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेनं त्याला प्रमाणपत्र नाकारलं. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ८ मध्ये डिफेंडर पुरता अँटीव्हायरस झाला, तरी पुढची काही वर्षं त्याचे निकाल यथातथाच होते. संदेश लिहिणाऱ्याचं घड्याळ तिथंच अडकलंय.

पुढे काम करायची रीतच बदलली. पूर्वी ओळखीच्या व्हायरसांची यादी कॉम्प्युटरवर उतरायची आणि तिच्याशी फाइल ताडून पाहिली जायची. आता अनोळखी फाइल दिसली की तिची विचारणा थेट मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जाते आणि बहुतेकदा काही सेकंदांत निवाडा परत येतो. २०१८-१९ च्या सुमारास त्याच एव्ही-टेस्टच्या तक्त्यात डिफेंडरला संरक्षणासाठी सहापैकी सहा गुण मिळू लागले. त्याची एक दुखरी बाजूही सांगतो: इंटरनेट नसेल तर त्याची पकड सैल होते. नेट न जोडलेल्या मशीनवर पेनड्राइव्हचीच ये-जा असेल, तर दुसऱ्या पर्यायाचा विचार करायला माझी हरकत नाही.

'फुकट म्हणजे निकामी.'

डिफेंडरची किंमत विंडोजच्या किमतीत आलेलीच आहे. फुकट म्हणून शंका घ्यायचीच, तर ती बाहेरच्या फुकट अँटीव्हायरसवर घ्यावी. अव्हास्ट कंपनी वापरकर्त्यांचा ब्राउझिंगचा तपशील आपल्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकत होती. बोभाटा झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये तो धंदा बंद करावा लागला, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कंपनीकडून १.६५ कोटी डॉलर वसूल करायचं ठरवलं.

'दोन अँटीव्हायरस, दुप्पट संरक्षण.'

कुलपांचं गणित इथं चालत नाही. तुम्ही एखादी फाइल उघडता तेव्हा अँटीव्हायरस मधेच तिला अडवतो, तपासतो आणि मग सोडतो. असे दोघं एकाच दारात उभे राहिले की एकानं धरलेली फाइल दुसराही धरू बघतो. एकानं कोंडून ठेवलेला व्हायरस दुसऱ्याला नव्यानं सापडतो आणि इशाऱ्यांचा पाऊस सुरू होतो. कधी मशीन गोठतं, कधी चालूच होत नाही.

गंमत म्हणजे डिफेंडरला हे ठाऊक आहे. दुसरा अँटीव्हायरस रीतसर बसवला आणि त्यानं विंडोजकडे नोंद केली, की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. म्हणजे विकतचा पहिला टाकलात, तर तुम्ही थर वाढवला नाहीत, पहारेकरी बदललात. बदलायचा हक्क तुमचा, पण बदललाय हे माहीत तरी असावं. नव्या लॅपटॉपबरोबर महिन्या-दोन महिन्यांसाठी आलेला अँटीव्हायरस मुदत संपल्यावरही बसून राहिलेला मी कितीदा पाहिलाय. व्हायरसांची यादी महिनोन्महिने जुनी, आणि मालक म्हणतो, 'आहे की माझ्याकडे अँटीव्हायरस!' असा पाहुणा काढून टाकला की डिफेंडर पुन्हा कामाला लागतो.

'फायरवॉल राउटरमध्ये असतेच.'

संदेशातला सगळ्यात घातक मुद्दा हाच, म्हणून इथं जरा थांबतो.

राउटर बाहेरचं जग आणि तुमचं नेटवर्क यांच्यामध्ये उभा असतो. नेटवर्कच्या आत, एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे जे जातं, त्यावर घरगुती राउटर सहसा पहारा देत नाही. पाहुण्याचा बाधित लॅपटॉप तुमच्या वाय-फायला जोडला की तो दाराच्या आत आलेला असतो. आणि स्टेशन, हॉटेल, वाचनालय अशा ठिकाणी तर राउटरच परका असतो. तिथं तुमच्याजवळ जी असते ती कॉम्प्युटरवरचीच फायरवॉल.

हे कागदी भय नाही. विंडोज एक्सपीमध्ये २००१ पासून फायरवॉल होती, पण मुळात बंद. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर आपणहून पसरणारा प्रोग्रॅम, आला. कुणी काही उघडायची, कशावर क्लिक करायची गरजच नव्हती, नेटला जोडलेलं उघडं मशीन त्याला पुरेसं होतं. पुढच्या वर्षी सॅसर या दुसऱ्या वर्मनं तेच केलं. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक (सुधारणांचा मोठा संच) आला आणि फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. आज हा संदेश लोकांना पुन्हा २००३ मध्ये नेऊन ठेवतोय.

फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा वर्म तर अलीकडचा. १२ मे २०१७ ला तो सुटला आणि फाइल शेअर करण्याच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून (नेटवर्कवरून मशीनमध्ये शिरायच्या दारातून) एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भोकातून तो शिरला त्याचा पॅच (ते बुजवणारी दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिला होता. ज्या मशीनवर पॅच बसला होता किंवा बाहेरून येणाऱ्यांना ते पोर्ट बंद होतं, तिथं त्याला या वाटेनं शिरता आलं नाही.

फायरवॉलची मर्यादाही सांगायला हवी. विंडोजची फायरवॉल न मागता आत येणारं अडवते, बाहेर जाणारं मात्र मुळात मोकळं सोडते. तुम्ही स्वतः उतरवून चालवलेला चोर आतून बाहेर बोलू लागला तर ती त्याला सहसा रोखणार नाही. आणि नेट वेगवान होण्याबद्दल म्हणाल, तर फायरवॉल बंद करून पडणारा फरक आजच्या मशीनवर जाणवत नाही. नवं वाय-फाय जोडताना 'पब्लिक' निवडा, इतकं केलं तरी पुष्कळ.

'मशीन रखडवतो.'

पूर्ण स्कॅन चालू असताना, किंवा हजारो बारक्या फाइली कॉपी करताना, हो, जाणवतं. स्कॅनची वेळ बदलता येते. लोक मात्र दुसरंच करतात: अख्खा सी ड्राइव्ह किंवा डाउनलोडचं फोल्डर तपासणीतून वगळतात. सगळा माल ज्या दारानं येतो तेच दार सोडून द्यायचं!

डिफेंडर कामाचा आहे की नाही याची खूण मला भलतीकडेच सापडते. चोरीचे गेम आणि क्रॅक (विकतच्या सॉफ्टवेअरचं कुलूप फोडणारे प्रोग्रॅम) वाटणाऱ्यांच्या सूचना वाचा. पहिली पायरी ठरलेली: 'आधी डिफेंडर बंद करा.' कुचकामी असता तर चोरांनी त्याची एवढी काळजी कशाला केली असती? व्हायरसांनी परस्पर तो बंद करू नये म्हणून २०१९ मध्ये 'टॅम्पर प्रोटेक्शन' आलं. विंडोज सिक्युरिटीत जाऊन ते चालू आहे ना, एवढं बघा. तिथंच वॉनाक्रायसारख्या खंडणीखोर रॅन्समवेअरपासून फोल्डर वाचवणारी सोय आहे, ती मात्र मुळात बंद असते. चालू केलीत तर एखादा भला प्रोग्रॅमही अडेल, त्याला परवानगी द्यावी लागेल. बॅकअपची जागा ती घेत नाही.

'मॅकला व्हायरस लागत नाही.'

२०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या व्हायरसनं सहा लाखांवर मॅक बाधित केले होते. अॅपलनं एक्सप्रोटेक्ट हा तपासनीस २००९ पासूनच आत बसवलाय, तो काय शोभेसाठी? मॅकची फायरवॉल मात्र बहुधा आपली आपणच चालू करावी लागते.

नुसत्या डिफेंडरवर भागत नाही, या एका बाबतीत संदेश खऱ्याच्या जवळून गेला, पण त्याला ते कळलं नाही. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरची व्हायरसांची यादी त्यावर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहे, त्यामुळे 'सगळं ठीक' सांगणारी हिरवी खूण दिसतच राहील. त्या दुरुस्त्यांची मुदतवाढ घेतली नसेल तर विंडोजमधली नवी भोकं मात्र उघडीच राहतील. ती भोकं बुजवणं विकतच्या अँटीव्हायरसच्याही हातात नाही, दोन टाका नाहीतर चार. मावसभावाचं मशीन विंडोज १० वरच निघालं. फायरवॉल त्यानं संदेश वाचून बंद केली होती, ती चालू करून दिली. विंडोज ११ चं या रविवारी बघू म्हणालाय.