वाटी बदलायची की नाही?

अमेरिकी टीव्ही सूत्रसंचालक मॉन्टी हॉल यांच्या नावाने ओळखले जाणारे कोडे नातेवाइकांना समजावून सांगण्यापेक्षा वडिलोपार्जित जमिनीची वाटणी करून देणे सोपे आहे. कोडे तसे एवढेसे. तीन बंद दारे, एकामागे मोटार, दोघांमागे शेळ्या. तुम्ही एक दार निवडले की, मोटार कुठे आहे हे ठाऊक असलेला सूत्रसंचालक उरलेल्यांपैकी शेळीचे एक दार उघडतो आणि ‘निवड बदलणार का?’ असे विचारतो. बदलल्यास मोटार मिळण्याची शक्यता दोन तृतीयांश असते. अमेरिकी स्तंभलेखिका मॅरिलिन व्होस सावंत यांनी १९९० मध्ये ‘परेड’ साप्ताहिकातील आपल्या सदरात हेच उत्तर दिले, तर सुमारे १०,००० पत्रे येऊन पडली आणि पीएच.डी. झालेल्या शेकडो विद्वानांनी त्यांनाच गणित शिकवले. तेव्हा बँकेतून निवृत्त झालेल्या माझ्या थोरल्या मेहुण्यांनी, ‘‘जावईबापू, उरली दोन, म्हणजे निम्मे-निम्मे,’’ असे म्हणून मांडी ठोकली, यात नवल नाही.

अखेर मी तीन वाट्या पालथ्या ठेवून एकीखाली काजूकतली आणि दोघींखाली कारल्याच्या फोडी दडवण्याचे काम चिरंजीवांकडे सोपवले. माझी आई दरवेळी डावीकडचीच वाटी धरून बसे. चिरंजीवांच्या एका हातात मोबाइल असल्याने ते शक्यतो आपल्या जवळची, म्हणजे उजवीकडची वाटी उचलत. तिच्याखाली काजूकतली असली तरच नाइलाजाने मधल्या वाटीपर्यंत हात लांबवत. आईने हे केव्हाच हेरले होते. त्यांनी मधली वाटी उचलताच, मी अपूर्णांक मांडण्याआधी, ‘‘हा आळशी उगाच हात लांब करायचा नाही,’’ असे म्हणत तिने उजवीकडची वाटी उलटवली आणि काजूकतली तोंडात टाकली.

गणिताने आई शंभर टक्के बरोबर होती. मात्र चिरंजीव जवळचीच वाटी उचलतील, तेव्हा उरलेल्या दोन वाट्यांत खरोखरच निम्मे-निम्मे उरते, हे मेहुण्यांसमोर कबूल करणे माझ्या जिवावर आले. असे तीनपैकी दोनदा घडते, हात तीनपैकी एकदा लांबतो. सगळी गोळाबेरीज केली की, नेहमी वाटी बदलणाऱ्याच्या पदरात तेच दोन तृतीयांश पडतात. म्हणजे सवय ओळखूनही आईचा डाव बदलत नाही, फक्त केव्हा खात्री बाळगायची ते कळते.

डाव बदलला तो पत्नीमुळे. ‘‘अहो, वाटी बदलणार का, असे हा दरवेळी विचारतो तरी का?’’ ही तिची शंका मला सुरुवातीला गौण वाटली. वास्तविक १९९१ मध्ये खुद्द मॉन्टी हॉल यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदाराला घरी बोलावून हेच करून दाखवले होते: बदलण्याची संधी देणे सूत्रसंचालकाच्या मर्जीवर असेल, तर तो ती नेमकी तुमची निवड बरोबर असतानाच देईल आणि बदलणारा हमखास बुडेल. काजूकतलीचा डबा तळाला लागल्यावर चिरंजीवांनी हा शोध स्वतंत्रपणे लावला. निवड चुकली की ते मुकाट्याने कारल्याची फोड पुढे करत. बरोबर असली की, ‘‘बदलतेस का गं आई?’’ असे लाडीगोडीने विचारत. पत्नीने ‘‘नाही,’’ म्हणून शेवटची काजूकतलीही उचलली, आणि मेहुण्यांनी, दोनच वाट्या होत्या, त्यामुळे हे निम्मे-निम्मेच झाले, असा निर्वाळा दिला.