हनुवटीचा ठेका

आठवीतल्या लेकीने इंग्रजीची वही पुढ्यात सरकवली. "बाबा, ह्या शब्दांचे सिलॅबल पाडून दे आणि स्ट्रेस कुठं ते सांग." सिलॅबल म्हणजे एका झटक्यात उच्चारायचा शब्दाचा तुकडा, स्ट्रेस म्हणजे त्यावरचा जोर. गोव्यातल्या साखळीत वीस वर्षं भजनाला पखवाज वाजवतोय, सम चुकली तर बुवा नुसत्या डोळ्यांनी कानाखाली देतात. म्हटलं, जोर कुठं पडतो ते मी नाही सांगणार तर कोण?

पहिलाच शब्द फोटोग्राफी. शाळेतल्या सवयीने लघु-गुरू मांडले. फो गुरू, टो गुरू, ग्रा गुरू, फी गुरू.

"बाबा, गुरुपौर्णिमा नाहीये. यातला एकच गुरू."

इंग्रजीत म्हणे जोर दुसऱ्यावर, बाकीच्यांनी अंग चोरायचं: फ-टॉ-ग्र-फी. बरं, 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्यावर आणि 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर! शब्द लांबला की सम सरकते. आमच्या मंडळात अशा पखवाज्याला कुणी चहासुद्धा विचारणार नाही.

सिलॅबल मोजायची शाळेतली युक्ती अशी: हनुवटीखाली हात धरायचा, ती जितक्यांदा खाली येईल तितके सिलॅबल. 'स्ट्रेंग्थ्स' लिहिताना जोडाक्षरांची दिंडी निघते, पण हनुवटी एकदाच हलते. मी ओसरीवर बसून 'युनिव्हर्सिटी, युनिव्हर्सिटी' करत होतो, तेवढ्यात पों-पों करत पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, आला. माझ्याकडं बघून सायकल थांबवली. "किदें जालें? दांत दुखता?" पाच उंडे दिले आणि लवंगतेल लावायचा सल्ला फुकट दिला.

एक नियम मात्र मला आवडला. शेवटी 'शन' किंवा 'इक' आलं की जोर बहुधा त्याच्या आधीच्या सिलॅबलवर: एज्युकेशनमध्ये 'के'वर, इलेक्ट्रिकमध्ये 'लेक्'वर. टेबलावर थाप मारून मी धडाधड खुणा करत सुटलो, तर 'पॉलिटिक्स'पाशी लेकीने हात धरला. तिथं जोर चक्क पहिल्यावर. पॉलिटिक्सने नियम मोडला, याचं गोव्यात कुणाला काय वाटायचंय म्हणा.

सोमवारी वही तपासून आली. 'कम्फर्टेबल'च्या माझ्या चारावर लाल काट, शेजारी तीन. इंग्रज बहुतेक 'कम्फ्-ट-बल' म्हणून मोकळा होतो.

"पण माझी हनुवटी चारदा पडली होती," मी म्हटलं.

"तुझी हनुवटी मराठी माध्यमातली आहे, बाबा."