व्हिएतनामी मुहूर्त आणि सदतीस मिनिटं

मागच्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. वर जोडलेले हात, खाली ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’. सार असं: व्हिएतनामी लोक पाच हजार वर्षांपूर्वीचं चांद्र पंचांग आजही जसंच्या तसं पाळतात. त्यातले शुभ दिवस आणि शुभ तास चंद्र-नक्षत्रांच्या प्रत्यक्ष स्थानावरून काढलेले असतात. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, आपल्या शरीरात सत्तर टक्के पाणी, म्हणजे हे शुद्ध विज्ञान. याच मुहूर्तांच्या जोरावर एवढ्याशा देशाने अमेरिकेला नमवलं. आणि शेवटी नेहमीचं पालुपद: पाळायला आपलं जातंय काय?

व्हिएतनामच्या हायफाँग बंदरात मी नोकरीनिमित्त चार वर्षं काढली. घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात विटेएवढं जाड, रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. वर ठसठशीत इंग्रजी तारीख, खाली चांद्र तारीख, दिवसाचं नाव आणि बारीक अक्षरांत त्या दिवसाचे चांगले तास. ते वाचायला त्यांनीच मला शिकवलं. त्या कॅलेंडरवर माझा जीव आहे, म्हणूनच त्याच्या नावावर काहीही खपवलेलं बघवत नाही.

‘पाच हजार वर्षं, जसंच्या तसं.’ मुळीच नाही. व्हिएतनामच्या दरबारांनी पिढ्यानपिढ्या चिनी गणित वापरलं आणि चीनने गणित बदललं की आज ना उद्या आपलंही बदललं. चीनमध्ये १६४५ साली छिंग राजवटीने जी नवी पद्धत लागू केली, तिच्यामागे जेझुइट पाद्र्यांचं युरोपीय खगोलगणित होतं. तीच पद्धत सम्राट झा लाँगने १८१३ मध्ये व्हिएतनामात आणली. म्हणजे आजच्या पंचांगाच्या गणितात रोमन कॅथलिक पाद्र्यांचाही हात आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे कसं पचेल कोण जाणे.

दुसरा मोठा बदल तर आमच्या वडिलांच्या हयातीतला. ऑगस्ट १९६७ मध्ये हनोईच्या, म्हणजे तेव्हाच्या उत्तर व्हिएतनामच्या, सरकारने ठरवलं की यापुढे अमावस्या आणि अयनबिंदू बीजिंगच्या नव्हे, आपल्या घड्याळाने मोजायचे. ग्रिनिचपेक्षा आठ तास पुढचं नको, सात तास पुढचं. १ जानेवारी १९६८ पासून हे लागू झालं. तासाभराच्या फरकाने काय होणार, असं वाटतं ना? १९८५ साली काय झालं ते बघा.

नियम असा की दक्षिणायन जिथे संपतं तो दिवस अकराव्या महिन्यातच आला पाहिजे. १९८४ च्या डिसेंबरात तो क्षण हनोईच्या घड्याळात २१ तारखेच्या रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी आला. बीजिंगमध्ये तेव्हा १२ वाजून २३ मिनिटं झाली होती, म्हणजे तारीख २२. अमावस्येचा क्षण २२ च्या संध्याकाळचा, आणि तिकडे ज्या तारखेला तो क्षण येतो तीच महिन्याची पहिली तारीख. म्हणून बीजिंगच्या हिशेबात अयन नव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी आलं, हनोईच्या हिशेबात जुन्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. मध्यरात्रीला सदतीस मिनिटं कमी पडली आणि दोन देशांचा अख्खा महिना चुकला. व्हिएतनामने तेत, म्हणजे नववर्ष, २१ जानेवारी १९८५ ला केलं. चीनने २० फेब्रुवारीला. अधिक महिन्याचा घोळ काय असतो हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आता कॅलेंडरवरचे शुभ दिवस काढताना महिना कितवा हे आधी बघतात. त्या काळात हनोईत पहिला महिना चालू होता आणि सीमेपलीकडे बारावा. चंद्र दोघांच्याही डोक्यावर एकच. मग कुणाचा शुभ दिवस खरा? २००७ मध्ये दोन्हीकडच्या नववर्षांत पुन्हा एका दिवसाचा फरक पडला. २०३० मध्येही पडणार आहे.

‘प्रत्यक्ष नक्षत्रांवरून.’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण इथे आपल्या पंचांगाची ओळख उसनी घेऊन त्यांच्यावर चिकटवली आहे. आपल्या पंचांगात नक्षत्रापुढे ते कधी संपतं ती वेळ असते. चंद्र काही मध्यरात्रीचे टोल ऐकून नक्षत्र बदलत नाही. व्हिएतनामी कॅलेंडरवरही अठ्ठावीस नक्षत्रं आहेत, पण रोज एक, पाढा म्हटल्यासारखी. अठ्ठावीस म्हणजे चार आठवडे, त्यामुळे प्रत्येक नक्षत्राचा वार कायमचा ठरलेला. आपल्या चित्रेच्या जागचं ‘झाक’ नक्षत्र नेहमी गुरुवारीच येतं. त्याच्या पूर्ण नावात गुरूचा ‘मोक’ जोडलेलाच आहे. चंद्र त्या गुरुवारी चित्रेपाशी असेल, नाहीतर पार आकाशाच्या दुसऱ्या टोकाला. कॅलेंडरला त्याचं सोयरसुतक नाही. गंमत म्हणजे ग्रहांच्या नावाचा हा सात दिवसांचा आठवडा तांग काळात चीनमध्ये पोहोचला तो बौद्ध ग्रंथांच्या पोतडीतून, भारताच्या बाजूनेच.

तासांचं तर त्याहून सोपं. दिवसाचे दोन-दोन तासांचे बारा भाग, प्रत्येकाला एक प्राणी: रात्री अकरापासून उंदीर, मग म्हैस, वाघ, मांजर (हो, चिनी सशाच्या जागी यांचं मांजर), ड्रॅगन, साप, घोडा, बकरी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. दिवसांनाही हेच बारा प्राणी. चांगले तास लक्षात ठेवायला जुन्या लोकांनी बारा अक्षरांची ओळ केली आहे. ‘दाओ विएन की थोइ थोंग दात, लो झाओ हा न्यात होआन चिन्ह’. अर्थ असा: दूरच्या वाटेने पोहोचायचं केव्हा, लांबच्या रस्त्याने परतायचं कोणत्या दिवशी. ही ओळ चिनी लिपीत लिहिली की काही अक्षरांना ‘चालणे’ या अर्थाचं चिन्ह चिकटलेलं दिसतं. पहिलं, दुसरं, पाचवं, सहावं, आठवं आणि अकरावं. तेच शुभ तास. वाघाच्या किंवा माकडाच्या दिवशी ही ओळ उंदराच्या तासापासून म्हणायची, पुढच्या दिवशी दोन घरं सरकवून. झालं. हातात ना सूर्योदय लागतो, ना अक्षांश, ना चंद्र. घरमालकीणबाई बोटांच्या पेरांवर दहा सेकंदांत काढायच्या. ओळ फार सुंदर आहे, मला आजही पाठ आहे. पण ते शब्दकोडं आहे, वेधशाळा नाही. आणि बारातले सहा तास रोजच शुभ, म्हणजे नाणं उडवलंत तरी निम्म्या वेळा मुहूर्त गाठाल. (आपल्या राहुकाळाला फार हसू नका हं. त्याला निदान सूर्योदय लागतो, पण दिवसाच्या आठ भागांपैकी कुठला वाईट हे वारावरूनच ठरतं.)

शिवाय एकाच पानावरचे दोन हिशेब एकमेकांशी भांडतात. दिवसाचा शुभ-अशुभ मार्ग एका कोष्टकातून येतो, त्याच दिवसाचा ‘अधिकारी’ दुसऱ्या बाराच्या चक्रातून. पहिल्या महिन्यातला म्हशीचा दिवस पहिल्या हिशेबात शुभ, दुसऱ्यात ‘बे’, म्हणजे बंद, दरवाजा लावलेला. घोड्याच्या दिवशी नेमकं उलटं. मग ज्याला जे हवं ते तो वाचतो. त्यावर लोकांच्या तोंडी असलेल्या वर्ज्य तारखा आहेतच. ३, ७, १३, १८, २२, २७ या एका गटाच्या, ५, १४, २३ दुसऱ्या गटाच्या. तिसातले नऊ दिवस इथेच गेले.

‘भरती-ओहोटी आणि सत्तर टक्के पाणी.’ पेल्यातल्या पाण्याला भरती येत नाही, तळ्यालाही कळण्याइतकी येत नाही. तिला अख्ख्या समुद्राची लांबी-रुंदी लागते. पण ते राहू द्या. हा दावा व्हिएतनामच्या नावाने करणं म्हणजे तर कहर आहे. आमच्या हायफाँगच्या किनाऱ्यावर दिवसातून भरती एकदाच येते, मुंबईसारखी दोनदा नाही. टोंकिनच्या आखाताची ही चाल इतकी विचित्र की फ्रान्सिस डेव्हनपोर्ट नावाच्या इंग्रजाने केलेल्या तिथल्या नोंदी हॅलीने १६८४ मध्ये लंडनला छापल्या आणि तीनच वर्षांनी न्यूटनने आपल्या ‘प्रिन्सिपिया’त तिचा उलगडा करायचा प्रयत्न केला. कोकणात अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिथे तसं नाही. तिथलं मोठं पाणी चंद्र विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती दूर गेलाय त्यावर ठरतं. तो विषुववृत्तावर आला की पाणी जवळजवळ हलतच नाही. हे चक्र साडेतेरा दिवसांच्या आसपासचं, तिथी पक्षाच्या पावणेपंधरा दिवसांची. म्हणून उधाणाचे दिवस तिथींवरून घसरत राहतात. यंदा पाचव्या तारखेला मोठं पाणी, काही महिन्यांनी त्याच तारखेला शांत. आता या समुद्रावरून ५, १४, २३ ला कसं काय अशुभ ठरवायचं ते मेसेजवाल्यानेच सांगावं.

‘मुहूर्तावर अमेरिकेला हरवलं.’ शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून व्हिएतनाम जिंकला, या जुन्या बिनपुराव्याच्या फॉरवर्डची ही धाकटी बहीण. रोख १९६८ च्या तेत आक्रमणाकडे, म्हणजे उत्तरेच्या बाजूने ऐन तेतच्या सणात दक्षिण व्हिएतनामातल्या शहरांवर झालेल्या हल्ल्यांकडे, असणार. तेतची वेळ निवडली ती शस्त्रसंधीचे दिवस आणि सुट्टीवर गेलेले दक्षिणेचे सैनिक पाहून. आणि पंचांगाने त्या वर्षी मदत केली की घोळ घातला? नवं पंचांग लागू होऊन महिनाही झाला नव्हता. अमावस्येचा क्षण हनोईत २९ जानेवारीच्या रात्री ११ वाजून २९ मिनिटांनी आला, दक्षिणेच्या राजधानीत, सायगावच्या घड्याळात, तेव्हा ३० तारीख उजाडली होती. उत्तरेचं नववर्ष २९ ला, दक्षिणेचं ३० ला. दा नांग, न्या चांग, प्लेइकूसारख्या मध्य भागातल्या शहरांवर हल्ले एक रात्र आधीच झाले, सायगावसह बाकीचे दुसऱ्या रात्री. दोन पंचांगांच्या तारखांची ही गल्लत, हे त्याचं सर्वांत जास्त दिलं जाणारं कारण. समोरच्याला एका दिवसाची आगाऊ सूचना मिळाली ती मिळालीच. अमेरिकेतलं जनमत त्या हल्ल्यांनी फिरलं हे खरं, पण रणांगणावर हल्लेखोरांची प्रचंड हानी झाली. असला शुभमुहूर्त कोण मागेल?

खरं उदाहरण त्याआधीचं आहे आणि ते उलट्या दिशेने जातं. १७८९ च्या तेतमध्ये क्वांग चुंग सम्राटाने थांग लाँगवर, म्हणजे आजच्या हनोईवर, ताबा मिळवलेल्या छिंग फौजेवर चाल केली. सैन्याला त्याने सण आधीच साजरा करायला लावला आणि शब्द दिला की सातव्या तारखेला राजधानीत मेजवानी करू. पोहोचला दोन दिवस आधी, पाचव्या तारखेलाच. वर्ज्य तारखांची यादी पुन्हा वाचा. सात त्यात आहे, पाचही आहे. ‘पाच, चौदा, तेवीस, हिंडायला गेलात तरी तोटा, मग व्यापाराचं काय’ अशी म्हण त्यांच्या घराघरात आहे आणि दाँग दा टेकडीवर विजयाचा उत्सव दरवर्षी पहिल्या महिन्याच्या पाचव्या तारखेलाच भरतो. यात कुणाला काही खटकत नाही. रिक्ता तिथी म्हणून चतुर्थी टाळणारे आपणही गणपती चतुर्थीलाच बसवतो की.

‘पाळायला जातंय काय?’ कॅलेंडरचं पान बघून दुकान उघडलं तर काही जात नाही, कबूल. पण तिथे मुलाचा जन्मतास साधायला सिझेरियनची वेळ ठरवून मागणारी घरं आहेत, तिथले डॉक्टर त्याविरुद्ध कानीकपाळी ओरडतात. आपल्याकडेही हे चालतं. एकोणचाळीस आठवडे भरण्याआधी कारण नसताना बाळ काढलं तर त्याला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता वाढते. ड्रॅगनच्या तासासाठी काचेच्या पेटीत ठेवलेलं मूल, हे ‘जातं’.

बाकी व्हिएतनामी माणूस फॉरवर्डमधल्या माणसाइतका भाबडा नाही. नवऱ्याचं वय घर बांधायला वाईट निघालं तर ते ज्याचं वय चांगलं त्या नातेवाइकाचं वय ‘उसनं’ घेतात. पहिली कुदळ तो मारतो, घर यांचं होतं.

माझं स्वतःचंच सांगतो. माझं हॉटेलचं बुकिंग संपत होतं ती चांद्र तारीख नेमकी तेवीस निघाली. घरमालकीणबाईंना मी ‘बाक’ म्हणायचो, आईवडिलांच्या थोरल्या भावंडाला म्हणतात तसं. त्या म्हणाल्या, “चाउ (म्हणजे भाच्या), तेवीसला घरात पाऊल नाही टाकायचं.” मी म्हटलं, मग बावीसला येतो. बावीसही वर्ज्य. एकवीस वाघाचा दिवस होता. त्या संध्याकाळी सात वाजून गेल्यावर, कुत्र्याच्या तासाला, म्हणजे ओळीतल्या अकराव्या अक्षराला, मला दार उघडायला लावलं. त्यांनी आधी चटई आत आणली, मग छोटी शेगडी. सगळे दिवे लावले, किटलीभर पाणी उकळलं. आपल्याकडे दूध उतू घालवतात, ते मी त्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मग फरशी कोण पुसतं? आम्ही दोघांनी उभ्याउभ्या चहा घेतला आणि मी झोपायला हॉटेलवर परत गेलो. तेवीसला दुपारी भर उन्हात माझ्या सहा बॅगा आल्या, तेव्हा लिफ्टचं दार त्यांनीच धरून ठेवलं होतं.