दुकानाच्या पाटीला जाड अक्षर हवे, ताणलेले नव्हे

मराठी पाट्यांचा प्रश्न आपण केवळ आकाराचा मानला आणि अक्षराच्या घडणीचा विचार मागे राहिला, असे माझे ठाम मत आहे. २०२२ साली महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही देवनागरीतील मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, हेही ठरले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. या निर्णयांचा मला मनापासून आनंद आहे. परंतु नव्या पाट्यांपुढे उभे राहून एकेक अक्षर पाहिले, की वाईट वाटते.

बहुतेक ठिकाणी घडते ते असे. इंग्रजी नावासाठी खास पाटीचा, ठसठशीत टंक (फाँट) निवडला जातो आणि मराठी नाव संगणकात आधीपासून असलेल्या फाँटमध्ये टंकून जागेपुरते ताणले जाते. अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा पडद्यावर मजकूर वाचण्यासाठीचा टंक आहे आणि ते काम त्याने वर्षानुवर्षे चोख केले आहे. रस्त्याच्या पलीकडून वाचायच्या सहा फुटी पाटीसाठी तो नव्हे. तो आडवा ताणला की काना जाड होतो आणि शिरोरेखा होती तेवढीच बारीक राहते. उभा ताणला की शिरोरेखा जाड होते आणि काने काटकुळे दिसतात. मग जाडी यावी म्हणून अक्षराभोवती त्याच रंगाची कड चढवली जाते. ती बाहेर पसरते तशी आतही पसरते, त्यामुळे ‘ष’, ‘ध’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजतात आणि ‘मिष्टान्न’मधला ‘ष्ट’ लांबून नुसता डाग दिसतो.

जाड देवनागरी अक्षर घडवणे हे अवघडच काम आहे. आपल्या अक्षराला वर शिरोरेखा असते, तिच्यावर वेलांटी, मात्रा आणि रफार असतात, खाली उकार असतो, आणि जोडाक्षरात दोन-तीन व्यंजनांना एवढ्याशा जागेत नांदावे लागते. जुन्या पेंटरांना हे हाताने ठाऊक होते. रेघ जिथे रेघेला मिळते तिथे ते कुंचला हलका करीत, वेलांटी शेजारच्या अक्षरावरून वळवीत, उकार आखूड करून अक्षराच्या पोटाशी बसवीत. मुंबईत चित्रपटांच्या रंगवलेल्या पोस्टरांवर आणि नाटकांच्या जाहिरातींत हे कौशल्य किती उंचीला पोहोचले होते, हे नाटकांची नावे रेखाटणारे अक्षरकार कमल शेडगे यांची अक्षरे ज्यांनी वर्तमानपत्रात पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. नाटकाचा स्वभाव नुसत्या नावाच्या वळणातून कळत असे. २०२० साली शेडगे गेले. तोवर फ्लेक्सने पेंटरांचे कामही बरेचसे संपवले होते.

म्हणूनच मला ‘मोदक’ या टंकाचे फार मोल वाटते. मुंबईच्या ‘एक टाईप’ या अक्षररचनाकारांच्या संस्थेने तो केला. त्यातील देवनागरी सारंग कुलकर्णी यांची आहे. त्याची सुरुवात हाताने काढलेल्या अक्षरांपासून झाली. अक्षर इतके गुबगुबीत की आतली पोकळी बारीक रेघेएवढीच उरते, आणि तरीही ‘म’ हा ‘म’च वाचला जातो, कारण ती रेघ नेमक्या जागी ठेवली आहे. अशा जाडीत एकच वेलांटी सगळ्या अक्षरांवर चालत नाही. म्हणून मात्रांची निरनिराळी रूपे करून ती अक्षरागणिक बसवावी लागली. पेंटर जे दर पाटीला नव्याने करीत असे, ते इथे एकदाच, पण प्रत्येक अक्षरासाठी केलेले आहे. शिवाय हा टंक मुक्त परवान्याखाली गूगल फाँट्सवर विनामूल्य मिळतो. त्याच संस्थेचा ‘बलू’ही तसाच मिळतो आणि तो देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांमध्ये आहे.

इथे पाटी करणाऱ्यांची एक अडचण मान्य केली पाहिजे. त्यांच्याकडे बहुधा जुने सॉफ्टवेअर आणि युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरसंकेत-पद्धत येण्यापूर्वीचे फाँट असतात. नवा टंक त्यात टाकला की जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाऊन बसते. परंतु इंकस्केपसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये नाव टंकून त्याचे, फाँट लागणार नाही अशा, रेखाकृतीत रूपांतर करून दिले, की ते कुठल्याही यंत्रावर जसेच्या तसे कापता किंवा छापता येते. दुकानदाराने एवढा आग्रह धरला पाहिजे, कारण ती पाटी पुढे अनेक वर्षे त्याच्याच दारावर राहणार असते.

‘मोदक’ सर्वत्र लावावा, असे मात्र मी म्हणणार नाही. मिठाईच्या दुकानाला, खेळण्यांच्या दुकानाला, बालनाट्याच्या पोस्टरला तो शोभतो. दवाखान्याला किंवा वकिलाच्या कार्यालयाला शोभत नाही. जुन्या वळणाची, उंच आणि अरुंद, कोनदार, सावली दिलेली अशी जाड देवनागरी अजून कितीतरी घडायची आहे, आणि तिचे नमुने गावोगावच्या रंगवलेल्या पाट्यांवर अजून टिकून आहेत. त्या उतरवण्यापूर्वी त्यांची नीट, समोरून छायाचित्रे घेतली जावीत.

आणि महानगरपालिकांकडे माझी एक मागणी आहे. मराठी अक्षराची उंची मोजताना ती रफाराच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजली, तर नियम पाळूनही मूळ अक्षर इंग्रजी कॅपिटल अक्षराच्या जेमतेम निम्मे भरते. ती शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतच मोजली जावी, आणि तसे नियमात आकृतीसह लिहिले जावे.